बंदुकीवरचा काजवा

वस्तूची पारख करण्याच्या आपल्याकडे साध्या रीती होत्या. मडके घ्यायचे तर बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. विळा घ्यायचा तर धारेवर अंगठा आडवा फिरवायचा. बैल घ्यायचा तर दात मोजायचे, खूर पाहायचे आणि चार पावले चालवून बघायचा. विकणारा तोंडाने काय सांगतो याला ह्या व्यवहारात फारशी किंमत नसे. तो चांगलेच सांगणार, असे घेणारा मनात धरूनच चालत असे. आता काळ पालटला आहे. आता वस्तूलाच तोंड फुटले आहे. ती खोक्यावरून बोलते, आणि बोलते तेही आकड्यांत. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा आमचा शहाणा शेतकरी ह्या आकड्यापुढे मात्र मान तुकवतो. शब्द खोटा असतो हे त्याला आज्याने शिकवले होते. आकडाही लबाडी करतो हे त्याला कुणी शिकवलेले नाही.

आज मला ज्या वस्तूविषयी भांडायचे आहे ती म्हणजे बंदुकीवर बसवायचा दिवा. दिवाळीच्या अंकात चकली आणि विनोदी कथा यांच्या मधोमध ही बंदूक कुठून आली, असे वाचकांना वाटेल. पण ती मी आणलेली नाही. ती आधीच आपल्या उंबऱ्याशी येऊन उभी आहे. मूठभर आकाराचा काळा डबा. त्यात एका बाजूला पांढऱ्या उजेडाची बॅटरी, दुसऱ्या बाजूला लाल किंवा हिरव्या लेझरचा डोळा, आणि खाली रायफलीची नळी किंवा नळीखालची खाचांची पट्टी घट्ट धरणारी पकड. मुळात ही वस्तू सैनिकांसाठी आणि पोलिसांसाठी निघाली. आज ती नांदेड-लातूरकडच्या खेड्यात मोबाइलवर मागवता येते, आणि तिचीच प्लॅस्टिकची धाकटी भावंडे दिवाळीच्या बाजारात टिकल्यांच्या पिस्तुलांशेजारी टांगलेली दिसतात. बाप मोठी घेतो, मुलगा धाकटी मागतो. तेव्हा ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी बसून वाचण्याजोगी आहे.

आधी शेतकऱ्याची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. आमच्या बालाघाटाच्या रांगांत, मन्याडच्या खोऱ्यात, रोही आणि रानडुकरे यांनी शेतकऱ्याला रडकुंडीला आणले आहे. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे रान सपाट करतो. डुकरे भुईमूग उकरतात, मका आडवा करतात, उसाच्या बुडख्याला तोंड लावतात. पेरणीला कर्ज, राखणीला जागल, आणि सकाळी पाहावे तर बांधाच्या आत नुसत्या खुरांच्या खुणा. ह्या उपद्रवाची दखल घेऊन महाराष्ट्र शासनाने २०१५ साली, पिकाची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांच्या पारधीला वनखात्याच्या रीतसर परवानगीने वाट करून दिली. तेव्हा परवान्याची बंदूक असलेल्या शेतकऱ्याला रात्री नीट दिसावे असे वाटले, तर त्यात पाप नाही. माझे भांडण त्याच्याशी नाही. त्याच्या हातात जे दिले जात आहे, आणि ज्या मापाने तो ते मोजतो आहे, त्याच्याशी आहे.

पहिला आकडा उजेडाचा. खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका जागी किती पडतो हे त्यातून मुळीच कळत नाही. एक घागर पाणी अंगणभर शिंपडले काय आणि एका आळ्यात ओतले काय, घागर एकच. पण झाड जगते ते आळ्यातल्या पाण्यावर. म्हणून जाणता माणूस ल्युमेन न विचारता झोत किती एकवटलेला आहे ते विचारतो.

दुसरा आकडा अंतराचा. ‘५०० मीटर’ असे ठळक अक्षरात लिहिलेले असते. हे मीटर कसे मोजतात हे ऐकण्यासारखे आहे. हातदिवे मोजण्याचा एक प्रमाण-नियम अमेरिकेत २००९ साली ठरला आणि चांगले कारखानदार तो पाळतात. त्या नियमाप्रमाणे झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स इतका उरतो ते ठिकाण. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचे, उघड्या माळावरचे पौर्णिमेचे चांदणे. वाचकहो, चांदण्यात काळे काहीतरी हलते आहे एवढे दिसते. ते वासरू आहे की डुक्कर हे कळत नाही. म्हणजे प्रामाणिक कारखानदाराचे ५०० मीटरसुद्धा ओळखण्याचे नव्हेत, नुसते दिसण्याचे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो हा शाळेतला नियम लावला, तर त्याच दिव्याचा उजेड १०० मीटरवर सव्वासहा लक्स आणि ५० मीटरवर २५ लक्स भरतो. ओळख पटते ती ह्या जवळच्या अंतरात. हे झाले नियम पाळणाऱ्याचे. जो नियमच पाळत नाही त्याच्या ‘२००० मीटर’विषयी काय बोलावे? तो छापखान्यात तयार झालेला उजेड आहे.

तिसरा आकडा तासांचा. चार तास चालतो म्हणतात. त्याच प्रमाण-नियमात दिवा चालू धरतात तो सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत. म्हणजे चौथ्या तासाला तुमच्या हाती असते ती दिव्याची सावली. चौथा आकडा सेलचा. ह्या दिव्यांत १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जो सेल असतो, त्यात चांगल्यातल्या चांगल्या कारखान्याला सुमारे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास एवढीच वीज भरता येते. त्याच आकाराच्या सेलवर ९८०० छापलेले मी स्वतः वाचले आहे. शेराच्या मापात तीन शेर दूध मावते असे सांगणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभे केले नसते.

आता लेझरकडे वळू. हा ह्या डब्यातला खरा मोहिनी घालणारा प्रकार. बटण दाबले की दूरवरच्या भिंतीवर लाल किंवा हिरवा ठिपका काजव्यासारखा उमटतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात एक भाबडी समजूत उमटते: ठिपका तिथे गोळी. ही समजूत मोडायला मॅट्रिकच्या भूमितीइतके ज्ञान पुरते. माझे शिक्षणही तेवढेच आहे.

डब्याची पकड दहा सेंटिमीटर लांबीची धरा. रायफलीच्या धक्क्याने तिचे एक टोक वहीच्या एका पानाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे एक दशांश मिलिमीटर, सरकले असे समजा. दहा सेंटिमीटरला एक दशांश मिलिमीटर, म्हणजे हजारात एक. ह्या प्रमाणात ठिपका ५० मीटरवर ५ सेंटिमीटर आणि १०० मीटरवर १० सेंटिमीटर चुकतो. एका पानाच्या जाडीने! आणि हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही. ठिपका पूर्वीसारखाच ऐटीत चमकत राहतो. शिवाय उजेड सरळ जातो आणि गोळी खाली येते. नळीतून सुटल्यापासून पहिल्या दशांश सेकंदात ती साधारण ५ सेंटिमीटर खाली आलेली असते. त्यात लेझर नळीच्या खाली किंवा बाजूला चार बोटे अंतरावर बसवलेला. म्हणून ठिपका आणि गोळी यांची गाठ ठरावीक अंतरांवरच पडते. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोघांचे रस्ते वेगळे.

तेव्हा ही वस्तू पारखायची झाली तर बंदूक लागतही नाही. डबा सुताराच्या शेगड्यात घट्ट आवळावा, समोरच्या भिंतीवर ठिपका पडेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. मग शेगड्याला लाकडी मोगरीने दहा-वीस ठोके द्यावेत आणि पुन्हा पाहावे. डबा काढून परत बसवावा आणि पुन्हा पाहावे. मराठवाड्याच्या उन्हात दुपारभर ठेवून संध्याकाळी पुन्हा पाहावे. ठिपका खुणेवर परत आला तर वस्तू विचार करण्यालायक. एवढे आमच्या शाळेतली पोरेसुद्धा करतील. पण विकणारा हे करून दाखवत नाही. तो दाखवतो फक्त काजवा.

ह्या काजव्याला विषारी दातही आहे. लेझरची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात. एक मिलिवॅटपर्यंतचा किरण चुकून डोळ्यावर आला तर पापणी आपोआप मिटते आणि डोळा बहुधा वाचतो. पाचच्या पुढे गेलेला किरण खेळण्याचा नव्हे. स्वस्त हिरव्या लेझरची गोष्ट आणखी वेगळी. त्यात हिरवा रंग थेट तयार होत नाही. आधी न दिसणारे अवरक्त किरण तयार होतात आणि स्फटिकातून जाऊन त्यांचा हिरवा होतो. उरलेले अवरक्त अडवायला गाळणी लागते. पैसे वाचवायचे म्हणून ती गाळणीच गाळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली अशाच एका स्वस्त हिरव्या लेझरची तपासणी प्रसिद्ध केली. हिरवा उजेड मंद, आणि न दिसणारा किरण मात्र जोरदार, असे आढळले. जे दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. डोळा उघडा राहतो आणि आतला पडदा भाजतो.

दूरचे कशाला, २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर पुणे आणि नाशिक येथील नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीतल्या लेझरने दृष्टिपटल दुखावलेली तरुण मुले आली, आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या पोलिसांना मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घालावी लागली. १९९५ साली व्हिएन्ना येथे जगातल्या राष्ट्रांनी एक करार केला: माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेली लेझर-शस्त्रे युद्धातही वापरायची नाहीत. शत्रूच्या डोळ्यांची एवढी काळजी रणांगणावर घ्यायची ठरली, आणि आम्ही त्याच जातीचा किरण, मिलिवॅट न वाचता, आठ वर्षांच्या पोराच्या पिस्तुलाला लावून देतो. पोर तो कुणाच्या तोंडावर धरते? धाकट्या बहिणीच्या.

इथवर मी वस्तूच्या लबाड्या सांगितल्या. पण आता असे समजू की तुम्हाला अस्सल वस्तू मिळाली. ल्युमेन खरे, अंतर खरे, सेल खरा, पकड वज्रासारखी, ठिपका खुणेवरून हलत नाही. मग ती वस्तू उत्तम ठरली काय? माझे उत्तर आहे, नाही. माझे खरे भांडण इथून सुरू होते.

रात्रीच्या राखणीला बसणाऱ्यांत एक ठाम समजूत आहे. बॅटरी मारली आणि डोळे चमकले, की जनावर. ती खरी आहे, पण अर्धी. गाय, वासरू, शेळी, कुत्रे, मांजर, रोही यांच्या डोळ्यांच्या तळाशी उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. त्याचे डोळे तसे चमकत नाहीत. आणि आणखी एका प्राण्याच्या डोळ्यांत तो नसतो. तो प्राणी म्हणजे माणूस. वाचकहो, ह्या एका गोष्टीवर जरा थांबा. उसाच्या कडेला, मिट्ट काळोखात, झोतात एक काळी आकृती आली, वाकलेली, न चमकणाऱ्या डोळ्यांची. तर तुमच्या अनुभवी राखणदाराच्या हिशोबाने ती डुकराचीच. माणसाचा हिशोब त्यात कुठे आहे?

आणि माणसे रात्री रानात नसतात असे कोण म्हणतो? शेतीपंपाची वीज कित्येक गावांत आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. वीज आली की शेतकरी उठतो, घोंगडे पांघरतो, आणि गुडघाभर गारठ्यात दारं धरायला जातो. दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात, आणि त्यांच्या बायका-लेकरांना अंधारातच आडोशाला जावे लागते. धनगराचा वाडा रानातच बसतो. रात्रीचे रान मराठवाड्यात ओसाड नसते. ते कष्टकऱ्यांनी भरलेले असते.

गेल्या हिवाळ्यात मी कंधार तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. दाजींकडे परवान्याची रायफल आहे, आणि भाच्याने तिच्यासाठी असला डबा कुठूनसा मागवला होता. शिकार करायची नव्हतीच; वनखात्याकडे दिलेल्या अर्जाचे उत्तर यायचे होते. नुसता उजेड किती पडतो ते पाहू, म्हणून आम्ही तिघे रात्री आखाड्यावर गेलो. रायफल रिकामी होती; काडतुसे दाजींनी घरी पेटीत कुलूप लावून ठेवली होती, आणि निघण्याआधी स्वतः बोट घालून नळी तपासली होती. भाच्याने रायफल खांद्याला लावली, बटण दाबले, आणि झोत बांधावरून फिरवत शेजारच्या उसाकडे नेला. शंभरएक पावलांवर एक काळे धूड सरीत वाकलेले दिसले.

“मामा, डुकर हाय! डोळे चमकंनात. ठिपका बसलाय बगा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. खरोखरच तो लाल ठिपका त्या पाठीवर अगदी स्थिर बसला होता. वस्तू चांगली होती, हे कबूल केले पाहिजे.

ते धूड खोकले. मग सरळ उभे राहिले, घोंगडे सावरले, आणि हातातले खोरे डोळ्यांवर आडवे धरून ओरडले, “कोण हाय रं? उजेड काढ की डोळ्यावरचा!”

शेजारच्या रानातले आजोबा होते. वीज आली म्हणून दारं धरायला आले होते. दाजींनी भाच्याच्या हातून रायफल घेतली आणि एक शब्दही न बोलता डबा सोडवून खिशात टाकला. घराकडे येताना ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, रिकामी होती म्हणून आपण आज हसत घरी चाललोय. पण ते पोरगं बघायला गेलं, का मारायला गेलं, ते त्याला तरी कळलं का?”

दाजी शिकलेले नाहीत. पण ह्या वस्तूच्या गुणवत्तेची इतकी अचूक परीक्षा मी कुठल्या तज्ज्ञाकडूनही ऐकलेली नाही. ह्या डब्याचा मूळ दोष कारखान्यात नाही, कल्पनेत आहे. दिवा बंदुकीवर बसवला की पाहायचे असेल त्या प्रत्येक गोष्टीवर नळी रोखावी लागते. आधी रोखायचे, मग ओळखायचे. आपल्या जुन्या पारध्यांची रीत ह्याच्या नेमकी उलट होती. बॅटरी एकाच्या हाती, बंदूक दुसऱ्याच्या. बॅटरीवाल्याने शोधायचे, ओळखायचे आणि ‘आहे’ म्हणायचे. तोवर बंदुकीची नळी आभाळाकडे. त्या दोन माणसांच्या मधल्या जागेत विचाराला उभे राहायला जागा होती. डब्याने ती जागा खाऊन टाकली. दोन माणसांचे काम एका बोटावर आणून ठेवले आणि त्याला सोय असे नाव दिले.

आणि लेझरचा ठिपका काय सांगतो? गोळी कुठे जाईल एवढेच, तेही अदमासाने. ती कुणाला लागेल हे तो सांगत नाही. त्या जीवाच्या मागे काय आहे हेही सांगत नाही. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते, आणि किलोमीटरभर पलीकडे आमच्याकडे दुसरे गाव असते. ठिपका पाहणाऱ्याची नजर ठिपक्याला चिकटते, भोवतालचे जग तिच्यापुरते विझते. जी वस्तू नेम देते पण ओळख देत नाही, ती माणसाला खात्री देते. आणि अज्ञानी माणसाच्या हातातली खात्री ही भरलेल्या बंदुकीहून अधिक भीतिदायक आहे.

ह्यावर काहीजण म्हणतील, मग सैनिकांनी आणि पोलिसांनी काय करावे? त्यांनी जरूर वापरावे, आणि त्यांना उत्तमातले उत्तम द्यावे. अंधाऱ्या जिन्यावर जो समोरून गोळी येण्याची वाट पाहत वर चढतो, त्याचे दोन्ही हात शस्त्रावर हवेत; त्याचा दिवा विझला तर त्याचे घर विझते. पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचे शिक्षण असते, ओळख पटल्याशिवाय चापावर बोट न नेण्याची सवय अंगात मुरलेली असते, आणि प्रत्येक बाराचा जाब विचारणारा वरिष्ठ असतो. खोक्यात डबा येतो. हे शिक्षण येत नाही.

दुसरे काहीजण जिम कॉर्बेटचे नाव काढतील. काढावेच. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या, ज्याच्या नावावर सरकारी हिशोबाने १२५ माणसे होती, कॉर्बेटने २ मे १९२६ रोजी गुलाबराय येथे रात्री मारला, तो रायफलीवर बसवलेल्या विजेच्या दिव्याच्या उजेडात. दिवा लागला, नेमाच्या रेषेत बिबट्याचा खांदा दिसला, बार निघाला आणि दिवा विझला. क्षणभराचा उजेड, पण तो पुरला, कारण त्यामागे कित्येक रात्रींचे जागरण, माग काढणे आणि जनावर जाणणे होते. दिव्याने कॉर्बेट घडवला नाही. आपण मात्र दिवा विकत घेतो आणि कॉर्बेट त्याबरोबर फुकट मिळेल असे समजतो.

आणि जाणकारांच्या हातीही रात्रीचा बार किती अवघड असतो, हे आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात गोळी घालून मारली गेली. परवानगी होती, जीप होती, अनुभवी बंदूकधारी होते. तरीही आधी बेशुद्धीचा बाण मारला की नाही, गोळी घालण्यावाचून उपाय होता की नव्हता, ह्यावर पुढे देशभर वाद झाला आणि चौकशी झाली. मी त्या वादात शिरत नाही. इतक्या तयारीच्या माणसांनाही अंधारातल्या काही क्षणांचा हिशोब जगाला पटवता आला नाही, तर बांधावर बसलेल्या कॉलेजातल्या पोराने तो कुणाला द्यायचा?

शस्त्राचा मान राखणे आम्हांला कुणी शिकवायला नको. नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये शस्त्रे किती भक्तिभावाने जपली जातात ते आम्ही लहानपणापासून पाहतो. दसऱ्याला तिथला हल्लाबोल निघतो, घरोघरी आपण विळ्या-कोयत्यांची पूजा करतो. पूजेचा अर्थ हाच, की हे हत्यार उगाच उचलायचे नाही. हळद-कुंकू वाहिलेल्या हत्याराला मिजास चढत नाही. काजवा बसवलेल्या हत्याराला चढते.

उजेडाचाही मान आम्हांला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर, आणि त्यांच्याभोवतीची कितीतरी गावे, गणपती बोळवून निजली असतानाच जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या काळोखात ज्याच्या हाताला बॅटरी लागली, त्याने ती दगडमातीच्या ढिगाऱ्यावर धरली, ती एकाच प्रश्नासाठी: इथे कुणी जिवंत आहे का? आमच्या मुलखात रात्रीच्या उजेडाने विचारायचा पहिला प्रश्न तो आहे. बंदुकीवरच्या दिव्यानेही तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे. जो विचारू देत नाही तो कितीही ल्युमेनचा असो, वाईट दिवा आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. दिव्याचा गुण त्याने किती बार लागू केले यावर मोजू नका. किती बार टाळले यावर मोजा. ज्या उजेडात वासरू वासरासारखे, शेजारी शेजाऱ्यासारखा दिसतो आणि चापावरचे बोट मागे येते, तो उत्तम दिवा. तो हातात धरायचा असतो, आणि शक्य तर दुसऱ्याच्या हातात. दोनशे पावलांपलीकडच्या आकड्याला भुलून जास्तीचे पैसे देऊ नका. त्यांत खरा सेल आणि रुंद, स्वच्छ झोत घ्या. रोह्या-डुकरांसाठी वनखात्याकडे अर्ज करा, कुंपणासाठी भांडा, आणि दिवसा वीज मिळावी म्हणून तर पुढाऱ्याच्या दारात बसा. दिवसा पाणी देता आले तर रात्रीच्या रानात वाकलेली निम्मी पाठ घरी अंथरुणात असेल. बंदुकीला काही जोडण्याआधी आपल्या परवान्यात काय बसते ते ठाण्यात जाऊन विचारा.

आणि ह्या दिवाळीत पोराने लेझरचे पिस्तूल मागितले, तर त्याला एक चांगली हातबॅटरी घेऊन द्या. रात्री त्याला अंगणात न्या आणि कुंपणापलीकडचे काय काय ओळखू येते ते विचारा. ओळखता येईल तेवढ्याच अंतरावरचे आपले, हे त्याला ह्या वयात कळले, तर मोठेपणी त्याच्या हाती काहीही आले तरी गावाला त्याची भीती वाटणार नाही.